पिकअपचे रिव्हर्स सेन्सर: कधी उगाच बोंब, कधी मुकाट

पिकअपला मागाहून बसवून घेतलेला चार सेन्सरचा सेट बरेच महिने वापरतोय. कोरडं होतं तोवर कुरकुर नव्हती. पाऊस-चिखल सुरू झाला आणि दोन तऱ्हा दिसायला लागल्या. मागे काहीच नसताना बझर बोंबलायचा, आणि कधी भिंत टेकायला आली तरी एक बाजू गप्पच. सेन्सर गेले असं मानून लगेच नवा सेट घेऊ नका. माझ्या गाडीत बिघाड निघाले ते सगळे सेन्सरच्या आजूबाजूचे.

आधी गप्प बाजूचं. चाकाखाली दगड लावायचा, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करायची आणि रिव्हर्स गियर टाकायचा. मग मागे जाऊन एकेका सेन्सरजवळ कान न्यायचा. चालू सेन्सर बारीक टिकटिक करतो, बोट टेकवलं तर हलकी थरथर लागते. सेन्सर ध्वनिलहरी सोडतो आणि अडथळ्यावरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. या लहरी साधारण 40 किलोहर्ट्झच्या, त्या माणसाला ऐकू येत नाहीत. कानावर पडते ती प्रत्येक स्पंदन सुटतानाची टिक. माझा डावीकडचा टोकाचा सेन्सर साफ मुका होता.

किल्ली बंद करून त्याचा आणि शेजारच्याचा कनेक्टर अदलाबदल केला. ही चाचणी फुकट आहे आणि निकाल सरळ देते: मुकेपणा त्याच सेन्सरवर राहिला तर सेन्सर गेला, वायरबरोबर शेजारच्या सेन्सरकडे सरकला तर वायरिंग किंवा कंट्रोल बॉक्स (सगळ्या सेन्सरच्या वायरी जातात आणि बझर वाजवायचं ठरतं तो डबा). इथे तो वायरबरोबरच सरकला. कनेक्टर उघडला तर एका पिनेवर हिरवट थर, आत पाण्याचा थेंब. बसवणाऱ्याने जोड स्टेपनीच्या ब्रॅकेटजवळ खाली लोंबता सोडला होता, म्हणजे चाकाने उडवलेलं सगळं पाणी थेट त्यावर. पिना काँटॅक्ट क्लीनरने साफ केल्या, जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली आणि वायर चासीच्या वरच्या अंगाला बांधली. जोडाआधी वायरला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. त्यानंतर ती बाजू पुन्हा गप्प झालेली नाही.

खोट्या बोंबेने जास्त छळलं. चिखलाचा थर पुसला की अर्धी बोंब थांबते, हे कळायला वेळ लागत नाही. उरलेली अर्धी लोखंडी बंपरमुळे होती. सेन्सरभोवती रबराची रिंग असते. ती सैल पडली की सेन्सरची थरथर बंपरच्या पत्र्यात उतरते आणि बॉक्सला तीच जवळच्या अडथळ्याचा प्रतिध्वनी वाटते. रिंग बदलल्यावर फरक लगेच जाणवला. एवढी स्वस्त वस्तू, पण सेटमध्ये जादा एकही देत नाहीत!

शिवाय पिकअपचं स्वतःचं एक दुखणं आहे. हौदा भरला की मागची बाजू बसते, बंपर खाली येतो, सेन्सरचं तोंड जमिनीकडे झुकतं आणि उंचसखल रस्त्यावर जमीनच अडथळा म्हणून मोजली जाते. रिकाम्या गाडीत सगळं ठीक आणि लोड टाकला की बोंब, असं असेल तर वायरिंग उघडत बसू नका. सेन्सर किंचित वर तोंड करून बसवणं हाच इलाज. टोइंगचा हूक बंपरच्या बाहेर आला असेल तर तोही सतत दिसत राहतो.

सगळेच सेन्सर एकदम बंद पडले तर रिव्हर्स लाइट पाहा. माझ्या बॉक्सला तिथूनच करंट येतो, आणि तिथला जोड एकदा हलला होता.

आता न सुधारणाऱ्या गोष्टी. फाळका उघडा असेल तर तो किती बाहेर आलाय हे बंपरमधल्या सेन्सरला कळत नाही. लांब माल बाहेर काढलेला असतानाही तेच. बारीक पाइप, तिरकी फळी, जाड कापड यांचा प्रतिध्वनी नीट परत येत नाही. शेजारी एअर ब्रेकचा ट्रक फुस्स करून थांबला तर बझर उगाच दचकतो.

सेन्सर चांगले, कनेक्टर भिकार, असं माझं मत. पुन्हा घेतला तर हाच सेट घेईन, पण वॉटरप्रूफ कनेक्टर आधीच लावून. आणि गाडी धुताना प्रेशर पंपाची धार सेन्सरवर जवळून मारू देत नाही.