साधी क्रिंपिंग पक्कड की रॅचेट?

'लग दाबायला साधी पक्कड पुरे' असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. (लग म्हणजे वायरच्या टोकावर दाबून, म्हणजे क्रिंप करून, बसवायचं धातूचं टोक.) मग एकदा पॅनलमधली वायर सहज ओढली, तर ती लगमधून अलगद हातात आली. आतल्या तारा गोलच्या गोल, चकचकीत. लगला खळगा पडला होता, पण तारा आवळल्याच गेल्या नव्हत्या. लग मीच दाबलेला, दिवसभराच्या कामानंतर, दमलेल्या हाताने.

दोन्ही टूलमधला खरा फरक इथेच आहे. साध्या पकडीत दाब किती द्यायचा ते मनगट ठरवतं. पहिला लग आणि चाळिसावा लग सारखे निघत नाहीत. रॅचेट, म्हणजे दाते असलेलं क्रिंपिंग टूल, एकदा दाबायला घेतलं की जबडा पूर्ण मिटेपर्यंत उघडतच नाही. शिवाय इन्सुलेटेड (प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या) लगसाठीचा त्याचा जबडा एकाच दाबात दोन कामं करतो: पुढे तांबं आवळतो, मागे वायरचं इन्सुलेशन धरतो. म्हणून लग उलट्या बाजूने घालायचा नाही. जबड्यावरचे रंगीत ठिपके बघा: लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी. निळ्या खाचेत लाल लग दाबला तर रॅचेट 'टक' करून सुटेल, पण जोड ढिलाच राहील. ते टूल दाब मोजत नाही, फक्त जबडा पूर्ण मिटवतं.

लग वाकडा अडकला तर हँडलवर हातोडी मारू नका (मारणारे पाहिलेत). दोन हँडलच्या मध्ये सुटकेची छोटी कळ असते.

देखभालीत साधी पक्कड बिनतक्रार. सांध्यावर तेलाचा थेंब पुरतो, जबडे आडवे डुगडुगायला लागले की दुसरी घ्यायची. रॅचेटला थोडं जपावं लागतं. पिनांवर आणि दात्यांवर पातळ तेल द्या, जबडे मात्र कोरडे ठेवा. खाचेत अडकलेले तांब्याचे कण जुन्या टूथब्रशने काढा. दाब कमी-जास्त करणारं चाक एका वेळी एकच घर फिरवा आणि नमुन्याचा लग दाबून, ओढून बघा. वायरला आधी सोल्डर लावून मग दाबायची सवय असेल तर दोन्ही टूलसाठी ती सोडा. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि जोड सैल होतो.

वर्षाला पाच-दहा लग दाबणार असाल तर साधी पक्कड घ्या आणि प्रत्येक लग ओढून बघा. पॅनल किंवा गाडीचं वायरिंग असेल, म्हणजे लग भरपूर आणि वर हादरेही, तर विचार न करता रॅचेट. मात्र एका जबड्यात सगळं होत नाही. फेरूलला (वायरच्या बारीक तारांवर चढवायच्या छोट्या नळीला) आणि नेटवर्क प्लगला वेगळे जबडे लागतात, काही टूलमध्ये ते बदलता येतात.

साधी पक्कड मी टाकलेली नाही. रॅचेटचं जाडजूड डोकं अरुंद खोक्यात शिरत नाही, तिथे तीच लागते. एरवी वायर सोलायला आणि कापायला आहेच.