कोल्हापूर, माटुंगा की खारघर? पीएचडी ठरवण्याआधीची तुलना

एमएस्सी झाली, नेट किंवा गेट निघाली, आता पीएचडी कुठे करायची? हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पोरांकडे हल्ली एक यादी तयारच असते: अमक्या विद्यापीठाचे इतके पेपर, तमक्या सरांचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती दिले यावरून काढलेला आकडा) इतका. यादी चुकीची नसते, पण विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या तिन्ही ठिकाणी ‘एक पेपर’ म्हणजे एकच माल नव्हे. म्हणून महाराष्ट्रातल्या तीन जागा शेजारी शेजारी ठेवून बघू.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. मटेरियल सायन्समध्ये, त्यातही ‘थिन फिल्म’ म्हणजे पातळ थरांच्या कामात, त्याचं नाव आहे. हे काम इथे रुजलं याचं एक कारण पैशाचं. निर्वात यंत्रणा लावून थर चढवायचा तर खर्च मोठा, रासायनिक मार्गाने चढवायचा तर बीकरमध्येही भागतं. सिलार नावाच्या पद्धतीत चार बीकर ओळीने मांडतात. काचेची किंवा स्टीलची पट्टी आधी धातूच्या आयनांच्या द्रावणात, मग पाण्यात, मग विरुद्ध भाराच्या आयनांच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. हे दहा वेळा, पन्नास वेळा, शंभर वेळा. तापमान बदला, पीएच बदला, बुडव्यांची संख्या बदला, नवा नमुना तयार. त्याचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) काढायचा, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो) काढायचा, सुपरकपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा घटक किंवा गॅस सेन्सर म्हणून तो चालतो का बघायचं. नमुने हाताशी आणि मोजमापाची पाळी वेळेत लागली, तर काही महिन्यांत पेपर उभा राहतो.

म्हणून इथली पेपरसंख्या फुगीर आहे असं मी म्हणणार नाही. या शिस्तीतून तयार झालेली कितीतरी मुलं पोस्टडॉकसाठी दक्षिण कोरियाला गेली, आणि आधी गेलेल्या सीनियरच्या ओळखीवर पुढचा जातो ही साखळी कोल्हापुरात कुणालाही विचारा. धोका वेगळाच आहे. गाइडच्या गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांची नुसती शीर्षकं वाचा. दर वेळी कोबाल्टच्या जागी निकेल आणि निकेलच्या जागी मँगनीज एवढाच फरक दिसला, तर तुमच्या वाट्याला पुढचा धातू येणार हे धरून चाला.

माटुंग्याच्या आयसीटीचा, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा, हिशेब निराळा. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. जुनी माणसं अजून विभागाच्या जुन्या नावाने ‘यूडीसीटी’च म्हणतात. विद्यापीठ म्हणून ती लहान आणि जवळजवळ एका विषयाला, रासायनिक तंत्रज्ञानाला, वाहिलेली. प्रा. मनमोहन शर्मा इथलेच, १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी पीएचडी केली ती त्यांच्याच हाताखाली. घरडा केमिकल्सचे केकी घरडा आणि डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डीही इथून बाहेर पडले. त्यांनी उभ्या केलेल्या कंपन्या स्कोपससारख्या पेपर मोजणाऱ्या कुठल्या तक्त्यात मोजणार? इथे प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देण्याची परंपरा जुनी आहे. कंपनीच्या पैशावरचं काम असेल तर पेटंट दाखल होईपर्यंत पेपर थांबतो, कधी करारामुळे तो निघतच नाही. त्यामुळे माटुंग्याच्या मुलाचे चार पेपर कोल्हापूरच्या मुलाच्या दहांपुढे कमी दिसतात, पण कारखान्यात किंवा कंपनीच्या आर अँड डीमध्ये जायचं असेल तर मी डोळे झाकून माटुंगा सांगेन. प्राध्यापकीच करायची असेल तर तेवढ्या खात्रीने नाही.

तिसरी जागा खारघर, टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक. पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची, तेही अभिमत विद्यापीठ, २००५ पासून. वैद्यकातला पेपर किती महाग असतो याचा माझा आवडता दाखला टाटाचाच आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर एक चाचणी चालली. निम्म्यांची गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनी, व्हिनेगरमधलंच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. निकाल जाहीर झाला २०१३ मध्ये: त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पंधरा वर्षं, दीड लाख बायका, आणि मुख्य निष्कर्षाचा पेपर एक. बीकरवाल्या हिशेबात हे बसवून दाखवा!

अर्थात अ‍ॅक्ट्रेकला पीएचडीला गेलेला एमएस्सीचा मुलगा अशी चाचणी चालवत नाही. तो पेशी, जनुकं, उंदीर यांच्यावर काम करतो, रुग्णांचे नमुने हवे असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत थांबतो. जागा थोड्या, निवड कडक. जीवशास्त्राची ओढ नसेल तर नुसत्या नावासाठी तिकडे जाऊ नका.

रँकिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लहान विद्यापीठांचं चित्र तिथेच सर्वांत वाकडं दिसतं. २०१० च्या टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत इजिप्तचं अलेक्झांड्रिया विद्यापीठ जगात १४७ वं आलं, आणि सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या, रकान्यात तर चौथं! मुळाशी होते मुख्यतः एकाच लेखकाचे, स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकातले पेपर. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा जो पेपर आला त्याचे लेखक ५,१५४. असा एक पेपर प्रत्येक लेखकाच्या विद्यापीठाच्या नावावर पूर्ण धरला, तर तो मोठ्या विद्यापीठाच्या सरासरीत विरघळून जातो, लहान विद्यापीठाची सरासरी आभाळाला नेतो. लहान जागेची सरासरी दिसली की आधी एकूण पेपर किती ते विचारा.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, घरभाडे भत्ता शहराप्रमाणे. कोल्हापुरात यात नीट राहता येतं, माटुंग्यात हॉस्टेल मिळालं तरच. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या भरवशावर असाल तर हप्ता उशिरा येईल असं धरून सहा महिन्यांची सोय आधी करा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती लेखी बघा. त्याच नियमांत प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी ही मर्यादा आहे. आठ पोरांच्या प्रयोगशाळेत पोटेन्शिओस्टॅट (विद्युत-रासायनिक मोजमापाचं यंत्र) एकच असेल, तर तुमची पाळी रात्री दोनला येते.

शेवटी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय थिसिसांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा. गाइडच्या नावावरचे चार-पाच थिसिस उघडा. नोंदणी कधी, सादर कधी, ते पहिल्या पानांवर मिळतं. मग त्यातल्या दोघांना गाठा आणि सर थिसिसचा मसुदा किती दिवसांत वाचून परत देत होते, एवढंच विचारा.