रेडिओहेड: आधी ‘ओके कम्प्युटर’ घ्यावा की ‘किड ए’?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या या दोन अल्बमपैकी आधी कोणता? गिटारवर कान तयार झालेला असेल तर ‘ओके कम्प्युटर’ (१९९७). पुष्कळांना एवढं उत्तर पुरतं. १२ ट्रॅक, साधारण ५३ मिनिटं, आणि पहिल्याच फेरीत दोन-तीन चाली तोंडात बसतात. ‘किड ए’मधून (२०००) बँडनं एकही सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) काढली नाही. ऐकल्यावर कारण कळतं: त्यातलं एखादंच गाणं वेगळं काढून ऐकलं तर ते लंगडं वाटतं. दोन्हीकडे निर्मितीत नायजेल गॉडरिच आहेच, त्यामुळे हा बदल माणसं बदलल्यामुळे झालेला नाही.

‘ओके कम्प्युटर’चा मोठा भाग इंग्लंडमधल्या बाथजवळच्या सेंट कॅथरीन्स कोर्ट या जुन्या वाड्यात रेकॉर्ड झाला. ‘एग्झिट म्युझिक’मध्ये आवाजाला आलेला घुमारा तिथल्या दगडी जिन्याचा. हे गाणं पुटपुटल्यासारखं सुरू होतं आणि तिसऱ्या मिनिटाला ड्रम, मग फझ (मुद्दाम आणलेली खरखर) लावलेला बेस अंगावर येतो. सुरुवात ऐकू येईना म्हणून आवाज वाढवलात तर इथे दचकाल.

‘किड ए’ सिंथेसायझरवरच्या १० मात्रांच्या आवर्तनानं सुरू होतो. झपताल अंगात असेल तर मोजणी जमेल, फक्त २-३-२-३ असे खंड शोधत बसू नका. ‘द नॅशनल अँथम’ सगळं एका बेसच्या तुकड्यावर उभं आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तो बेस जवळजवळ गायब होतो, उरतो ब्रास वाद्यांचा कलकलाट, आणि माणूस म्हणतो, ‘हे काय लावलंय!’ हेडफोन नसतील तर हा अल्बम लावूच नका. शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं), दोन्ही बंद. शेवटचा ट्रॅक मूळ सीडीवर जवळपास ७ मिनिटांचा दिसतो. गाणं त्याच्या निम्म्यातच संपतं, मग शांतता, मग मिनिटभराचा सूर, पुन्हा शांतता. सीडी बिघडलेली नसते.

पैशांचं गणित मात्र उलटं आहे. ‘ओके कम्प्युटर’ची साधी सीडी बास; २०१७ च्या ‘ओकेनॉटओके’तली ११ जादा गाणी (३ अप्रकाशित, ८ बी-साइड म्हणजे सिंगलसोबत दिलेली जोडगाणी) नंतरही घेता येतील. ‘किड ए’ घ्यायचाच असेल तर थेट २०२१ चा ‘किड ए म्नीजिया’ बघा: त्याच सत्रांतला ‘अम्नीजिअॅक’ (२००१) त्यात सोबत येतो, आणि तिसऱ्या डिस्कवर उरलंसुरलं.