धूमकेतू पाहायचाय: बायनॉक्युलर, टेलिस्कोप की हायड्रोजनचा फिल्टर?

धूमकेतूची बातमी आली की जळगाव-धुळ्याकडच्या ओळखीच्या शिक्षकांचे फोन सुरू होतात: "शाळेसाठी काय घेऊ?" हल्ली त्यात तिसऱ्या पर्यायाची भर पडली आहे. धूमकेतूभोवती हायड्रोजनचा अवाढव्य ढग असतो हे कुणीतरी वाचलेलं असतं, आणि हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावला की तो दिसेल अशी आशा असते. आधी त्या फिल्टरचंच बोलू, कारण पैसे वाया जातात ते तिथेच.

ढग खरा आहे. धूमकेतूचा गाभा बहुधा काही किलोमीटरचाच, धूळ मिसळलेल्या बर्फाचा. सूर्याजवळ आला की बर्फाची थेट वाफ होते, सूर्याचे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडतात आणि सुटलेले हायड्रोजनचे अणू सेकंदाला 8 ते 20 किलोमीटर वेगाने पसरतात. सगळ्यांत हलके, म्हणून सगळ्यांत लांब जातात. 1997च्या हेल-बॉपचा हा ढग 10 कोटी किलोमीटर रुंद होता. पृथ्वीपासून सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्यावरून अंदाज करा.

पण हा ढग चमकतो लायमन-अल्फा या 121.6 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, आणि आपली हवा तो प्रकाश वरच्या वर शोषून घेते. जमिनीवरून तो कोणत्याच दुर्बिणीला दिसत नाही. तो पहिल्यांदा सापडला 1970 साली, टागो-साटो-कोसाका धूमकेतूभोवती, आणि तोही ओएओ-2 या उपग्रहाला. बाजारातला फिल्टर 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा सोडतो. त्या रंगात धूमकेतूचा हायड्रोजन अगदीच क्षीण असतो. धूमकेतूच्या डोक्याचा हिरवा रंग येतो कार्बनच्या जोड-अणूंमुळे, 515 नॅनोमीटरच्या आसपास, आणि नेमका तोच प्रकाश हा फिल्टर अडवतो. तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, धूमकेतूसाठी नको. शिवाय हा रात्रीचा फिल्टर लावून सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळे जातील.

आता उरले दोन. 2024ला कोजागिरी झाली, चंद्र उशिरा उगवायला लागला, तेव्हा चोपड्याकडच्या एका मळ्यात त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू पाहायला आम्ही दोन्ही घेऊन गेलो होतो. टेलिस्कोप 130 मिलिमीटरचा, 26 पट मोठं दाखवणारा. त्यात दोनच अंश आभाळ मावतं. डोकं छान दिसलं, पण शेपूट चौकटीबाहेर. 10×50 बायनॉक्युलरमध्ये (10 पट मोठं दाखवणारा, 50 मिलिमीटर भिंगांचा) साडेसहा अंश मावतात. हात थरथरत होता म्हणून बायनॉक्युलर कुंपणाच्या खांबावर टेकवला, आणि पश्चिमेच्या केळीबागेवरून वर चढत गेलेली शेपटी दिसली. मळ्यातल्या आजींनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "शेंडेनक्षत्रच की रे भाऊ!" टेलिस्कोप जुळवेपर्यंत धूमकेतू खाली जातो, बायनॉक्युलर पोरं हातोहात फिरवतात.

तेव्हा फक्त धूमकेतूसाठी घेणार असाल तर डोळे झाकून 10×50 घ्या, आणि उरलेल्या पैशात चांगली तिवई. वर्षभर शनीची कडी, चंद्रावरची विवरं दाखवायची असतील तर टेलिस्कोप, पण दुसरी खरेदी म्हणून.

जागेचाही विचार करा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायची इच्छा बऱ्याच जणांना होते. भास्कराचार्यांची आठवण जपणारी ती जागा मलाही फार जवळची. पण भोवती डोंगर आहेत, संध्याकाळी क्षितिजालगतचा धूमकेतू तिथे आड जातो. त्यासाठी तापीकाठचं सपाट रान बरं. धूमकेतू उंचावर असेल तर मात्र तोरणमाळसारखा अंधार खान्देशात शोधून सापडायचा नाही.

आणि ज्यांना हायड्रोजनच पाहायचाय त्यांना एक पैसाही लागत नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानावरचं स्वान नावाचं उपकरण पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून लायमन-अल्फात आख्ख्या आभाळाचे नकाशे काढत आलं आहे. ते इंटरनेटवर खुले असतात. सप्टेंबर 2025मध्ये युक्रेनच्या व्लादिमिर बेझुग्ली या हौशी निरीक्षकाने त्याच नकाशांत एक नवा धूमकेतू हेरला. मुलांना बांधावरून दिसलेला धूमकेतू वहीत काढायला लावा, आणि त्याच तारखेचा स्वानचा नकाशा शेजारच्या पानावर चिकटवा.