डिस्कस माशांची पिल्लं ऑनलाईन घेताना माझी झालेली फसवणूक, दोन्ही बाजूंचे कल्ले बघितल्याशिवाय पैसे टाकू नका

मार्चमध्ये मी डिस्कसची दहा पिल्लं मागवली, त्यातली सात महिन्याभरात गेली. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण रोज सकाळी टँकची लाईट लावताना छातीत धस्स व्हायचं की आज कोण आडवं पडलं असेल, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय.

माणूस ऑनलाईनच भेटला. तीन महिन्यांची, दोन इंची, पिजन ब्लड आणि रेड टर्कॉइज (हे डिस्कसचे रंगांवरून पडलेले प्रकार) मिक्स, दहाचे 4000 आणि पार्सलचे 600. व्हिडिओत रंग इतका भडक लाल की मी बघतच राहिलो. मी विचारलं, दादा खातानाचा व्हिडिओ मिळेल का, तर म्हणाला आत्ताच खाऊन झालंय भाऊ, रात्रीची गाडी पकडायची आहे, पेमेंट टाका म्हणजे पॅकिंगला घेतो. टाकलं. तेव्हा एक गोष्ट लक्षातच आली नाही, त्या अख्ख्या व्हिडिओत मासे एकाच बाजूने दिसत होते, एकही वळताना घेतलेला नव्हता.

पार्सल डोंबिवलीला आलं तेव्हा पिशवीतलं पाणी पिवळट झालेलं, पिल्लं काळी पडून तळाला तिरकी. प्रवासाचा ताण असेल म्हणून मी लाईट बंद ठेवली, तापमान 30 डिग्रीवर नेलं. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू काचेजवळ आलं आणि वळलं, तर उजव्या बाजूला कल्ल्यावरचं झाकण अर्धंच, आतल्या लाल झालरी उघड्या दिसत होत्या. मग एकेक करून बघितली, चार जणांची तीच गत आणि दोघांच्या पाठीला बाक.

ठाण्याला एक काका आहेत, वीस वर्षं डिस्कसचं ब्रीडिंग करतात, त्यांच्याकडे दोन पिल्लं डब्यात घालून घेऊन गेलो. त्यांनी एक काचेच्या ग्लासात घेतलं, खिडकीसमोर धरलं आणि म्हणाले, "अरे डोळा बघ ना त्याचा. डोळा आठ महिन्यांचा आणि अंग दोन महिन्यांचं." तेव्हा कळलं. अंग खुंटलं तरी डोळा वाढत राहतो, त्यामुळे डोळा अंगाच्या मानाने मोठा, कपाळ चपटं, आकार गोल असायच्या ऐवजी लांबट दिसला की ते पिल्लू लहान नाही, खुरटलेलं आहे. आणि असं खुरटलेलं पुढे कितीही खायला घाला, भरून येत नाही.

काकांच्या एका नर-मादीच्या जोडीखाली तेव्हा नवी पिल्लं होती, आईबापाच्या अंगाला चिकटून अंगावरचा चिकट थर खात होती, बापाने अंग झटकलं की सगळा घोळका आईकडे. अंडी फुटायला अडीच-तीन दिवस, अजून दोन-तीन दिवसांनी पोहायला लागतात आणि मग पहिलं अन्न हेच. चार-पाच दिवसांनी जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) सुरू, नंतर दिवसाला पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं आणि रोज अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचं. काका म्हणतात या पहिल्या दीड महिन्यात पाण्यात हयगय केली की पिल्लं खुरटतात, कल्ल्यांची झाकणंही आखूड राहतात. कितीही केलं तरी प्रत्येक बॅचमध्ये थोडी कमजोर निघतातच, कुणाला खालचे पर नसतात, कुणी शेपूट खाली टाकून पोहतं. ती काका वेळीच वेगळी काढतात, जी जगण्यासारखी नाहीत त्यांना लवंगाच्या तेलात शांत करतात, पण विकत नाहीत आणि नाल्यात तर सोडतच नाहीत. मला मिळाला तो असा काढून टाकायचा मालच होता, महिनोन् महिने ठेवून लहान पिल्लं म्हणून खपवलेला. रंग बघून काका म्हणाले हार्मोन दिलेत, दोन इंचात एवढा रंग येत नाही. आणि खरंच, उरलेल्या तिघांचा रंग आता पार उतरलाय.

सगळ्यात जास्त दुखतं ते वेगळंच. घाईत मी ती पिल्लं वेगळी न ठेवता मोठ्या टँकमध्ये सोडली. पंधरवड्यात पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा सुरू झाली, काही एकाच कल्ल्याने श्वास घ्यायला लागली, आणि माझी तीन वर्षांची जुनी मादी कोपऱ्यात काळी होऊन उभी राहिली, औषध केलं पण ती गेली. हातातून घास खायची. नवे मासे कुणाकडूनही आणा, निदान चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, वेगळी जाळी, वेगळा पाइप, हे कृपा करून पाळा.

त्या माणसाला फोटो पाठवले तर पाणी खराब तुमचं म्हणाला आणि ब्लॉक केलं. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली आहे, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवलं होतं म्हणून करता आली. परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नंबरवरून परत आलाय, मागे काळा कागद, कोपऱ्यात निळा स्पंज फिल्टर, मासे सगळे डाव्या बाजूने. खाली पाच जणांनी रेट विचारलाय, पाचही जणांना मी मेसेज केला, दोघांनी आधीच पेमेंट करून टाकलं होतं.