'एअर फोर्स वन' बघू की 'युनायटेड ९३'?

विमान अपहरणावरचा एकच सिनेमा बघायचाय? १९९७ चा 'एअर फोर्स वन' म्हणजे निव्वळ धमाल. राष्ट्राध्यक्ष झालेला हॅरिसन फोर्ड स्वतःच अपहरणकर्त्यांना बुकलतो आणि शेवटी भर आकाशात दोरावरून दुसऱ्या विमानात जातो. डोकं बाजूला ठेवा, पॉपकॉर्न घ्या.

पॉल ग्रीनग्रासचा 'युनायटेड ९३' (२००६) मात्र अंगावर येतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात अपहरण झालेल्या खऱ्या विमानाची ही गोष्ट. बडा स्टार एकही नाही. त्या दिवशी अमेरिकेच्या हवाई वाहतुकीची सूत्रं सांभाळणारे बेन स्लायनी इथे स्वतःचीच भूमिका करतात. त्या पदावरचा तो त्यांचा पहिलाच दिवस होता! प्रवासी कॉकपिटच्या दारावर ट्रॉली आदळतात, समोरच्या काचेत जमीन गरगरत जवळ येते आणि पडदा काळा. माझं मत यालाच. फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री लावू नका.