घडीचा चाकू: लाकडी मुठीचा, स्विस की अंगठ्याने उघडणारा?

ट्रेकला नेण्यासाठी घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की शोध बहुतेक वेळा तीन प्रकारांपाशी येऊन अडतो. एक, लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा, फिरत्या कड्याने पातं अडकवणारा. यातला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे ओपिनेल. दोन, स्विस पद्धतीचा, पोटात कात्री, करवत, स्क्रू-ड्रायव्हर वगैरे घेऊन फिरणारा. तीन, अंगठ्याने ढकलताच खट् करून उघडणारा, क्लिप लावलेला, दिसायला जरा दांडगट. तिन्ही मी वापरले आहेत. पातं किती लांब, वजन किती हे खोक्यावर लिहिलेलंच असतं, ते इथे उगाळत नाही. आणि माझे चाकू कोणत्या कंपन्यांचे होते तेही सांगत नाही, कारण खाली जी कुरकुर आहे ती लाकडाबद्दल आणि फटींबद्दल आहे, कारखान्याबद्दल नाही.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. दहा-पंधरा जणांची खिचडी गडावर शिजवायची असेल, तर यातला एकही चाकू नको. भांड्यांच्या दुकानातली प्लॅस्टिकच्या मुठीची साधी सुरी घ्या, जुन्या पुठ्ठ्याचं म्यान करून चिकटपट्टी गुंडाळा आणि ती भाज्यांच्या पिशवीत टाका. दोन किलो कांदा चिरायला घडीचा चाकू काढणं म्हणजे हौस. घडीचा चाकू खिशातल्या कामांसाठी: काकडी, लिंबू, पाकीट फोडणं, तंबूची दोरी कापणं, बुटाचा तळ सुटला की चिकटपट्टीचे तुकडे करणं.

लाकडी मुठीच्या चाकूवर माझं मनापासून प्रेम आहे, हे आधीच सांगतो. ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हॉय भागातला. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांसाठी तो करायला घेतला, आणि चाकूचा मूळ आकार अजून फारसा बदललेला नाही. पातं अडकवणारं कडं आलं १९५५ मध्ये. ओपिनेलच्या मापांतला आठ नंबरचा चाकू हातात घेतला की तो खेळण्यासारखा हलका वाटतो, पण टोमॅटोवर ठेवलात की कळतं. पातं पातळ, धारेकडे निमुळतं होत गेलेलं. कांद्याच्या चकत्या अशा पडतात की घरच्या सुरीची आठवण येऊ नये. कापण्याच्या बाबतीत उरलेले दोन्ही प्रकार याच्या आसपास येत नाहीत, निदान माझ्या हातात तरी नाही. दगडावर चार हात फिरवले की धारही लगेच चढते.

त्यातही कार्बन पोलादाचं पातं घ्यायचं की स्टेनलेस, असा पोटप्रश्न असतो. ज्यांच्या घरात जुनी लोखंडी विळी होती त्यांना तो समजावून सांगायला नको. कैरी चिरली की काळी, पुसायची राहिली की तांबूस, आणि तरीही धारेला तोड नाही. फरक इतकाच की विळी स्वयंपाकघरात कोरडी बसलेली असते. चाकू ओल्या सॅकमध्ये, ओल्या टॉवेलशेजारी रात्र काढतो. जुलैमध्ये कार्बनच्या पात्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवावं, खाण्याच्या वस्तूंना ते चालतं, पण डिसेंबरात कळसूबाईवर ते बाटलीतच थिजलेलं असतं. म्हणून इथे स्टेनलेस घ्यावं, असं मला वाटतं. धारेत थोडं डावं-उजवं असेलही. चकत्या करताना मला तरी ते जाणवलेलं नाही.

इथपर्यंत लाकडी मूठ पुढे आहे. माझं मत फिरलं ते मुठीतल्या खाचेमुळे, म्हणजे पातं मिटून जिथे बसतं त्या खाचेमुळे.

ही मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते, आणि बीच ओल शोषतं. पावसाळ्यात आपल्याकडचे जुने दरवाजे जसे फुगून चौकटीत अडकतात, तशीच ही मूठ फुगते. खाच आवळते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. कडं मोकळं फिरतं, पण पातं जागचं हलत नाही. चार तास पावसात चालल्यावर बोटांच्या सुरकुत्या पडलेल्या असतात, नख मऊ झालेलं असतं, आणि त्या नखाने पात्यावरची बारीक खाच ओढायची. नख वाकतं, दुखतं, चाकू मिटलेलाच. शेवटी दोरी दातांनी तोडायची पाळी येते. साव्हॉयच्या लोकांनी यावर एक युक्ती काढलेली आहे: कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकायचं, म्हणजे पात्याचं टोक झटक्याने थोडं वर येतं. युक्ती चालते. पण माझ्या अनुभवात ती फुगण्याच्या पहिल्या दिवसापर्यंतच चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर बसून दगडावर चाकू ठोकत राहिलात की सोबतचे लोक चहा थांबवून तुमच्याकडे बघतात.

यावर जाणकार सांगतात की खाच आतून पॉलिश पेपरने घासून थोडी मोठी करा, वर जवसाचं तेल मुरवा. हे खरं आहे आणि मी तेही केलं. तेलाने लाकडाचं ओल पिणं कमी झालं, थांबलं नाही. घासण्याचा तोटा वर्षभराने कळतो: आषाढात बरोबर बसणारं पातं चैत्रात खुळखुळतं. फुगलेल्या लाकडाच्या मापाने घासलेली खाच कोरड्या हवेत सैल पडते, आणि खिशात कडं चुकून फिरलं तर पातं अर्धवट बाहेर यायची भीती. लाकूड हवेप्रमाणे बदलतं, त्यात चाकूचा काही दोष नाही. स्पितीला किंवा लडाखला जाणाऱ्याने हे सगळं वाचून सोडून द्यावं. तिथल्या कोरड्या हवेत मी आजही लाकडी मूठच नेईन. सह्याद्रीत मात्र मुख्य मोसमच जून ते सप्टेंबर. ज्या महिन्यांत आपण सगळ्यात जास्त डोंगरात असतो त्याच महिन्यांत चाकू उघडायला नाखूश असेल, तर त्याच्या चकत्यांचं कौतुक किती करायचं?

आता स्विस प्रकार. कार्ल एल्सेनरच्या कारखान्याने, म्हणजे पुढच्या व्हिक्टोरिनॉक्सने, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली. सैनिकाला खाण्याचे डबे फोडता यावेत आणि रायफलचे स्क्रू काढता यावेत, हा त्यामागचा विचार. त्या विचाराचे अवशेष अजून चाकूच्या पोटात आहेत, आणि आपण पत्र्याचे डबे घेऊन चालत नाही. बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री आकडाही आपल्याला निरुपयोगी, फक्त ओली गाठ सोडवायला तो कमालीचा चालतो, हे कोणी सांगत नाही. करवतीचं आकर्षण फार असतं. पण कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात झाडाला हात लावायचा नाही, जाळ करायचा नाही. मग करवत कशावर चालवणार? कात्री मात्र रोज लागते. पायाच्या फोडावर लावायची पट्टी गोल कापायला, मसाल्याच्या पुड्या उघडायला, सोललेलं नख काढायला.

लाल मुठीच्या जाडजूड नमुन्यांना मी नाही म्हणतो, ते फटींमुळे. जितकी जास्त हत्यारं तितके थर, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये एक फट. चिक्की कापली, गूळ कापला, लिंबू पिळलं, की त्यातला थोडा वाटा आत जातो. पाण्याचं टाकं लांब असलं की माणूस चाकू पँटला पुसून ठेवून देतो. रात्री सॅकच्या कप्प्यात मुंग्यांची रांग लागते, आणि सकाळी कात्री उघडली की आत त्यांचा संसार. मऊ ब्रश आणि गरम पाणी असलं तर हा प्रश्न पाच मिनिटांचा आहे, पण डोंगरात दोन्ही नसतात.

म्हणून या प्रकारात कमी थरांचा आणि मुठीला ॲल्युमिनियमच्या खडबडीत पट्ट्या असलेला नमुना घ्यावा, असं सुचवेन. व्हिक्टोरिनॉक्सची पायोनियर ही ९३ मिलिमीटरची मालिका त्यातली. ॲल्युमिनियम फुगत नाही. पट्टीवरच्या नक्षीमुळे ओल्या हातातून निसटत नाही. नखाची खाच इथेही आहे आणि स्प्रिंग चांगलीच कडक आहे, पण पात्याचा थोडा भाग वर राहतो. तो दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढता येतो, माझ्या तरी बोटांना जमतं. पोलाद जरा मऊ जातीचं, धार लवकर उतरते आणि तितक्याच लवकर चढते. कांद्याच्या बाबतीत लाकडी मुठीच्या खालोखाल, आणि ते मला चालतं.

याला लॉक, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणारी सोय, नाही, ही काहींची हरकत असते आणि ती योग्य आहे. टोकाने भोसकून भोक पाडायला गेलात तर पातं बोटांवर मिटू शकतं. भोकासाठी टोचा दिलेला असतो, तो वापरावा. ज्याला लॉकशिवाय चैनच पडत नाही, किंवा ज्याच्या हातातून लहान मुलगा चाकू मागून घेणार आहे, त्याने माझं ऐकू नये.

तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओल्या हाताने सगळ्यात सहज उघडतो तो हाच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पातं जाड असतं. कांदा चिरण्याऐवजी फुटतो, काकडीचा तुकडा उडून जातो. मिटताना बोट पात्याच्या वाटेत न्यावं लागतं, तेही थंडीने बधिर झालेलं. आणि त्याचा तो आवाज. पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर टेकलोय, मावशींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवलाय, आणि आपण पेरू कापायला खिशातून खट् करून पातं काढतो. मावशी काही बोलत नाहीत, पण मागे उभं असलेलं पोर आत पळतं. सिनेमातल्या रामपुरीने ही सगळी जात बदनाम करून ठेवली आहे. लाकडी किंवा स्विस चाकू काढला तर तेच पोर हातात घेऊन बघायला पुढे येतं.

ओघाने कायद्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांबाबत. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातूनही वगळलेली. खिशातला चाकू त्याच्या खूप खाली राहतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, आणि त्यांच्या यादीत सुऱ्याही असतात. तेव्हा शहरातून जाताना चाकू खिशात किंवा पट्ट्याला नको, सॅकच्या तळाशी स्वयंपाकाच्या सामानात असावा. विमानात अर्थातच चेक-इन सामानात. बटण दाबताच पातं बाहेर उडणाऱ्या चाकूंच्या वाटेला तर जाऊच नये.

तर सह्याद्रीत आणि मुख्यतः पावसाळ्यात फिरणार असाल, तर माझा कल ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या, कात्री असलेल्या, करवत नसलेल्या स्विस चाकूकडे आहे. तुम्ही हिवाळ्यातच जाणार असाल आणि जेवणाची हौस मोठी असेल, तर स्टेनलेस पात्याची लाकडी मूठ घेतलीत तरी मी वाद घालणार नाही. स्विस घेतलात तर कडीला भडक रंगाची दोरी बांधा, कारण रुपेरी चाकू ओल्या गवतात पडला की सापडत नाही. या ॲल्युमिनियमच्या नमुन्यांत चिमटा नसतो. तो प्रथमोपचाराच्या पाकिटात वेगळा ठेवा, आणि टोकदार घ्या. बोथट चिमट्याने करवंदीचा काटा निघत नाही.